कच्च्या लिंबाची नोंद

'अठरा फेब्रुवारी रोजी मैदानाच्या नोंदीत पडण्याची एकही घटना आढळत नाही.'

हे वाक्य माझं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, कुठल्याही चौकशीत टिकेल. इतकं चोख आणि इतकं नीच वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही.

मी नीलिमा कोठावदे. वीस वर्षं मी रबराचा अभ्यास करते आहे. हे सांगितलं की लोक मला स्कूटरच्या टायरबद्दल विचारतात, म्हणून हल्ली सांगत नाही. नाशिकच्या सुयोग कॉलनीत सात नंबरच्या रो-हाऊसमध्ये एकटी राहते. आमच्या कॉलनीत तेव्हा दोन देश होते. एकीकडे चाळीस जुनी रो-हाऊसं, दुसरीकडे नंतर उभी राहिलेली अकरा मजली गिरिजा हाइट्स. आमचं पाणी हाइट्सवाले पितात असं आम्ही म्हणायचो आणि आमच्या गटाराचा वास त्यांना येतो असं ते म्हणायचे. मधे एक मोकळी जागा होती. कागदावर ते क्रीडांगण होतं. प्रत्यक्षात तिथे गाजरगवत, गंजलेली घसरगुंडी आणि दोन्ही देशांच्या गाड्या होत्या. मुलं घरात बसून, डोळ्यांवर चष्मे चढवून, कुठल्या कुठल्या खंडांतल्या मुलांशी खेळायची. समोरच्या इमारतीतल्या मुलाचं नाव मात्र त्यांना ठाऊक नसायचं.

त्या सुमारास शहरानं वस्त्यावस्त्यांतली मैदानं नव्यानं बांधायचं ठरवलं. ज्या वस्तीत मुलं एकत्र खेळतात तिथे मोठी माणसंही एकमेकांची दारं वाजवतात, म्हातारी माणसं कमी आजारी पडतात, असं बऱ्याच पाहण्यांतून दिसलं होतं. आमच्या संशोधन संस्थेकडे त्यासाठी रबराची एक जमीन तयार होती. पहिला प्रयोग माझ्याच कॉलनीत व्हावा म्हणून मी हट्ट धरला आणि तो मिळवला.

ही जमीन समजायला सोपी आहे. रबरात लोखंडाची पिठासारखी बारीक पूड मिसळायची आणि खाली तारांच्या वेटोळ्यांची जाळी पसरायची. वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, लोखंडाचे कण रांगा धरतात आणि रबर टणक होतं. वीज तोडली की रांगा मोडतात आणि रबर मऊ पडतं, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. धावायला जमीन टणक लागते, नाहीतर पाय रुततात आणि मूल दमतं. पडायला मऊ लागते. आजवर प्रत्येक मैदानाला या दोहोंतलं एक निवडावं लागायचं, आमच्या जमिनीला दोन्ही जमत होतं.

पण कोण कधी पडणार हे जमिनीला कळणार कसं? तर पडणं हे जमिनीवर आपटण्याच्या आधी, साधारण अर्धा सेकंद, सुरू झालेलं असतं. शेवटच्या दोन पावलांत वजन कुठे गेलं, टाच टेकली की नुसताच चवडा, यावरून ते ओळखता येतं. जाळीत दाब मोजणारे ठिपके होते. प्रत्येकाची पावलं टाकायची एक ढब असते, सहीसारखी. त्या ढबीवरून जमीन मुलांना वेगवेगळं ओळखायची. कॅमेरा नाही, नाव नाही, नुसती पावलं. मूल पडू लागलं की ते जिथे आपटणार तेवढाच हातभर तुकडा लोण्यासारखा मऊ व्हायचा आणि ते उठलं की पुन्हा टणक.

आणखी एक गोष्ट ती मोजायची. कोण कोणाबरोबर खेळलं. रो-हाऊसच्या बाजूनं आत आलेली पावलं आणि हाइट्सच्या बाजूनं आलेली पावलं एका खेळात किती मिनिटं होती, त्यावरून एक आकडा यायचा. त्याला आम्ही 'मेळ' म्हणायचो. वर्षभरात मेळ साठच्या वर गेला तर शहरात अशी आणखी अकरा मैदानं होणार होती.

पहिले दोन महिने मेळ अठरावर रुतून बसला.

कारण शोधायला मी रोज संध्याकाळी काठावरच्या दगडी कट्ट्यावर बसू लागले. तिथेच माझी आणि कल्याणी आहेरची ओळख झाली. ती हाइट्सच्या चौथ्या मजल्यावर राहायची. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. ती घरूनच दंतवैद्यांसाठी कवळ्या आखून द्यायची. दोन मुली, दहा वर्षांची रेवा आणि चार वर्षांची मिहू. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "तुम्ही त्या रबरवाल्या मॅडम ना? आमच्या स्कूटरचं टायर..." आणि माझा चेहरा बघून स्वतःच हसत सुटली. महिनाभरात तिच्याकडचं भरीत आणि कळण्याची भाकरी माझ्या घरी यायला लागली. रो-हाऊसवाल्यांनी हाइट्सवाल्यांच्या हातचं खाणं ही आमच्याकडे बातमी होती.

कारण रेवानंच सांगितलं. "मावशी, तुमची जमीन चिकटते."

"चिकटते म्हणजे?"

"मिहू जवळ आली की पाय रुततात. आम्ही पळूच शकत नाही. मग सगळे तिला हाकलतात आणि तिला हाकललं की मी पण खेळत नाही."

मी नोंदी काढल्या. पोरीचं निदान बिनचूक होतं. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पावलांची ढब अजून बसलेली नसते, दर आठवड्याला बदलते. आणि त्यांचं धावणं म्हणजे पडता पडता सावरणंच असतं. जमिनीला वाटायचं, हे मूल दर क्षणी पडतंय. म्हणून मिहू जिथे जाईल तिथे तिच्या भोवतीची जमीन मऊ व्हायची आणि शेजारून धावणारी मोठी मुलं त्यात फसायची. धाकट्या भावंडांना घेऊन येणारी मुलं खेळातून गळत होती. आणि अशी मुलं बहुतेक हाइट्सचीच होती, कारण तिथली जोडपी तरुण होती.

संस्थेतल्या सहकाऱ्यांनी लहानांसाठी वेगळा कोपरा कुंपण घालून काढायला सुचवलं. मला ते पटलं नाही. आपल्याकडे धाकटं भावंड शेपटासारखं मागे येतंच. त्याला आपण कोपऱ्यात घालत नाही, त्याला कच्चं लिंबू करतो. ते खेळात असतं, धावतं, ओरडतं. त्याला शिवलं तरी ते आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. खेळात आहे, मोजणीत नाही. पिढ्यान् पिढ्या पोरांनी चालवलेली ही युक्ती कुठल्याही शास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघाली नसती.

मी ती जमिनीला शिकवली. ज्याला शिवलं गेलं तरी बाकीची पावलं ज्याच्यापासून पळायला लागत नाहीत, ते कच्चं लिंबू. त्याच्या पावलांची मोजणी करायची नाही, त्याच्यासाठी जमीन बदलायची नाही. एवढासा नियम, सात ओळींचा. धोका माझ्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता. पण एवढ्याशा उंचीचं मूल पडून पडून कितीसं पडणार, ढुंगणावर बसेल, रडेल, उठेल, असं मी स्वतःला समजावलं. तो नियम मी अहवालाच्या चौतिसाव्या पानावर घातला. कॉलनीतल्या कोणा आईला सांगितला नाही. मैदानाच्या फाटकावर पाटी होती, 'ही जमीन प्रत्येक मुलाला सांभाळते.' ती तशीच राहू दिली.

आठवड्याभरात मैदान भरलं. साखळी, विषामृत, लंगडी, आणि प्रत्येक खेळात मोठ्यांच्या मागून धावणारी दोन-तीन कच्ची लिंबं. मेळ तीस झाला, पंचेचाळीस झाला, दिवाळीनंतर एकाहत्तर. मुलांच्या मागून त्यांच्या आया आल्या, आयांच्या मागून आजोबा. पाण्याचं भांडण एका संध्याकाळी कट्ट्यावर बसून मिटलं. कॉलनीचे अध्यक्ष भामरे नाना, ज्यांनी हाइट्सच्या पायाभरणीला काळे झेंडे दाखवले होते, ते हाइट्सच्या पाचव्या मजल्यावर रोज कॅरम खेळायला जाऊ लागले. बाहेरगावची माणसं येऊन माझी भाषणं ऐकू लागली आणि मी कच्च्या लिंबाची गोष्ट रंगवून सांगू लागले. टाळ्या तिथेच पडायच्या.

एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली, म्हणजे मीच तिच्याकडे बघितलं नाही. कट्टा हळूहळू रिकामा होत गेला. जमीन सांभाळते म्हटल्यावर मुलांवर डोळा ठेवून बसायचं कोणी? आया घरी गेल्या, एकमेकींच्या घरी गेल्या, चहा झाले, भिशा झाल्या. कल्याणीही खिडकीतून एकदा वाकून बघायची आणि परत कवळ्यांकडे वळायची.

अठरा फेब्रुवारीला संध्याकाळी सहा वाजता मी घरी चहा टाकला होता. मैदानावरून आरडाओरडा ऐकू येत होता आणि तो एकाएकी थांबला. मी गॅस तसाच ठेवून पळाले. पोहोचले तेव्हा रेवा कट्ट्याला टेकून बसली होती, मिहू तिच्या मांडीत. कट्ट्याच्या दगडावर रक्त होतं. मिहू रडत नव्हती. रेवा तिच्या तोंडाशी तोंड नेऊन एकसारखं म्हणत होती, "मिहू, तू आऊट नाहीस गं. तू कच्चं लिंबू आहेस. ऊठ ना."

डाव्या कानामागचं हाड मोडलं होतं. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. जीव वाचला. डावा कान गेला, कायमचा, आणि त्या कानासोबत तोलही बिघडला. ती चालताना एका बाजूला कलायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नोंद उघडली. जमीन दोन प्रकारच्या नोंदी ठेवायची. एक पक्की, ज्यात घटना असतात, कोण खेळलं, कोण पडलं. दुसरी कच्ची, ज्यात प्रत्येक ठिपक्यावरचा प्रत्येक दाब असतो. ती एवढी मोठी असते की तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते. पक्क्या नोंदीत त्या संध्याकाळी नऊ मुलं होती आणि कोणीही पडलं नव्हतं. कच्च्या नोंदीत नऊ मुलांच्या साखळीमागून दहावी छोटी पावलं धावत होती. नऊ मुलं जोरात धावत होती म्हणून त्यांच्या पायांखालची जमीन होईल तेवढी टणक झालेली होती. साखळी वळली. छोटी पावलं अडखळली. सहा वाजून सात मिनिटं एकेचाळीस सेकंदांनी, मैदानाच्या ऐन मध्यावर, तळहाताएवढ्या जागेवर एक दाब उमटला होता.

जमिनीला तो कळला होता. त्याची दखल घ्यायची नाही असं तिला मी सांगितलं होतं.

मग मी तो सात ओळींचा नियम काढून टाकला. कोणालाही न सांगता. स्वतःला म्हटलं, आता यापुढे तरी कुठल्या मुलाला लागणार नाही, हेच महत्त्वाचं. किती समंजस वाटतं ना हे? चोरानं कुलूप परत लावून ठेवावं तसं होतं ते.

भामरे नानांनी चार दिवसांनी विचारलं, "मॅडम, लोक विचारताहेत. जमीन काय म्हणते?" मी ते वाक्य लिहून दिलं. मी खोटं बोलले नाही. पुढचं सगळं लोकांनी केलं. नोंदीत पडणं नाही, रक्त कट्ट्यावर, म्हणजे पोरगी कट्ट्यावर चढली आणि तिथून पडली. म्हणजे रेवाचं लक्ष नव्हतं. म्हणजे ती घाबरून खोटं सांगतेय. आणि आई कुठे होती? कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'मैदानाला दोष देण्याआधी घरात बघावं.' रो-हाऊसवाल्यानं लिहिलं होतं, आणि त्याला अंगठे हाइट्सवाल्यांनी दिले होते. मेळ चांगला जमला होता.

मार्चच्या तेरा तारखेला दुपारी कल्याणी माझ्याकडे आली. हातात भरिताचा डबा होता. मिहू दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्यांदाच तिनं नीट स्वयंपाक केला होता आणि त्यातला वाटा माझ्यासाठी आणला होता.

"ताई, रेवाचं काय करू?" ती म्हणाली. "ऐकायलाच तयार नाही. मधेच पडली, मैदानात पडली, एवढंच. मी तिला म्हटलं, बाळा, चूक झाली तर झाली, कबूल कर, मी रागावणार नाही. तर म्हणते, पण झालीच नाही."

"लहान आहे ती."

"दोनदा मारलं हो मी तिला. कधी हात लावला नव्हता आजवर." ती डब्याचं झाकण उघडत, लावत राहिली. "मला चूक झाली त्याचं काही नाही. ती खोटं बोलतेय ह्याचं वाटतं. तुमचं ऐकेल ती. एकदा बोलून बघा ना."

याच क्षणी सांगायला हवं होतं. माझ्या जिभेवर होतं. पण अकरा मैदानांची मंजुरी पंधरा तारखेला जाहीर व्हायची होती. आणि वीस तारखेला कच्ची नोंद आपोआप पुसली जाणार होती, मी काही न करता. मी फक्त आठवडाभर गप्प बसायचं होतं. मी म्हटलं, "येते."

मिहू दिवाणावर झोपली होती. रेवा खिडकीशी बसली होती, तिथून मैदान दिसायचं. कल्याणी आम्हांला सोडून सरबत करायला आत गेली. रेवा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईनं पाठवलं ना तुम्हांला?"

"हो."

"मी मोजलंय, मावशी. परत जाऊन मोजलंय. दिव्याच्या खांबापासून एकवीस पावलं, हाइट्सकडे तोंड करून. तिथे पडली ती. मग मी तिला उचलून कट्ट्यापाशी आणलं, कारण तिथे पाण्याचा नळ आहे."

खांबापासून त्या तळहाताएवढ्या दाबापर्यंतचं अंतर मला पाठ होतं. रेवाच्या पावलाची लांबीही मला माहीत होती, जमिनीनं ती सात महिने मोजली होती. मी मनात गुणाकार केला. एक वीतभरसुद्धा फरक पडत नव्हता.

"तुमच्या जमिनीला परत विचारा ना," रेवा म्हणाली. "कदाचित तिला नीट ऐकू आलं नसेल."

ती चिडून बोलत नव्हती. जमिनीची बाजू समजून घेत होती. जे तिच्या बाबतीत आम्ही कोणीच केलं नव्हतं.

"विचारते," मी म्हटलं. मग कल्याणीनं आणलेलं सरबत मी प्यायले. सगळं. दारात तिनं डोळ्यांनीच विचारलं, काय झालं, आणि मी म्हटलं, "थोडे दिवस जाऊ द्या." मला माझ्या आवाजाची किळस आली.

जिना उतरून मी थेट मैदानात गेले. दुपार असल्यामुळे कोणी नव्हतं. खांबाला पाठ लावून मी मोजायला लागले, दहा वर्षांच्या मुलीएवढी आखूड पावलं टाकत. एकविसाव्याला थांबले. माझ्या पायांखालची जमीन टणक झाली, मला पेलायला. मी खाली बसले आणि त्या जागेवर हात ठेवला. रबर उन्हानं तापलं होतं. माझी आई मला शिकवायची, तुझी कच्ची लिंबं सांभाळ गं, आपण पळायच्या आधी मागे बघायचं. कच्च्या लिंबाला आऊट नसतं, ते खरंच. पण ते मोजणीत नसतं म्हणजे ते कोणाच्या नजरेत नसतं असं नव्हे. उलट सगळ्या खेळाची नजर त्याच्यावरच असते. तो अर्धा खेळ मी सात ओळींत घ्यायचा विसरले होते. विसरले होते म्हणणंही खोटंच. तो अर्धा भाग मोजता येत नाही, म्हणून मी तो सोडून दिला होता.

सोळा मार्चला रविवारी सकाळी मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. मंजुरी आदल्या दिवशीच आली होती आणि कॉलनी माझा सत्कार करणार होती. शाल-नारळ टेबलावर होतं. दोन्ही देशांची माणसं सरमिसळ बसली होती. कल्याणी मागच्या रांगेत होती. मिहू तिच्या मांडीवर आणि रेवा मिहूच्या उजव्या हाताला. ती आता नेहमी उजवीकडेच असायची.

नानांनी मला बोलायला सांगितलं. मी कागद आणला होता, तो वाचला नाही.

"मिहू मैदानातच पडली," मी म्हटलं. "त्या खांबापासून एकवीस पावलांवर. रेवा पहिल्या दिवसापासून खरं सांगते आहे. जमिनीकडे त्याची नोंद आहे. मी ती दुसऱ्या दिवशी बघितली आणि सव्वीस दिवस लपवली. जमीन लहान मुलांना सांभाळत नव्हती, कारण त्यांना सोडून द्यायला मी तिला शिकवलं होतं. ते मी तुम्हांला कोणाला सांगितलं नाही. तसं केल्यामुळेच मोठ्या मुलांना पळता येत होतं, मेळ वाढत होता. ही कच्ची नोंद आज सकाळी मी संस्थेला आणि शहराला पाठवली आहे. आता ती पुसली जाणार नाही."

कुठेतरी एक खुर्ची करकरली. मग भामरे नाना खाकरले.

"मॅडम," ते म्हणाले, अगदी मायेनं, "तुम्ही काय मुद्दाम केलं का? चांगल्यासाठीच केलं. चूक झाली, सुधारलीत. आता ते वर कळवायची काय घाई होती? एवढं उभं राहिलंय, ते मोडायचं का?"

"तेच ना," मागून कोणी म्हणालं. "मॅडमच्या मनात वाईट नव्हतं."

"पोरगी बरी होतेय. झालं गेलं सोडा."

एकेक जण मान डोलावू लागला. मला कळलं, ही भली माणसं मला कच्चं लिंबू करत होती. शिवलं गेलं तरी आऊट नाही. आणि खरं सांगते, अंगातून एक सुखाची लहर गेली. इतकं सोपं होतं तर मग.

"नाही," रेवा म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. सगळे वळून बघू लागले तशी तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. "मावशी मोठ्या आहेत. त्या आऊट आहेत."

"रेवा, खाली बस," नाना म्हणाले.

"बरोबर आहे तिचं," मी म्हटलं. "मी आऊट आहे."

तोपर्यंत कल्याणीनं माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. आताही बघितलं नाही. तिनं मिहूला शेजारणीच्या मांडीवर दिलं, रेवाचा हात धरला आणि खुर्च्यांमधून वाट काढत तिला खांबापाशी घेऊन गेली. "किती पावलं म्हणालीस?" तिनं विचारलं. रेवानं बोटांनी दाखवलं. मग दोघी खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि चालू लागल्या. कल्याणी लेकीच्या पावलाला पाऊल लावून मोठ्यानं मोजत होती. सगळी कॉलनी बघत होती. अकरापर्यंत तिचा आवाज नीट होता. पुढे तो फुटला, तेव्हा मोजणी रेवानं पुढे नेली. एकवीसला त्या थांबल्या. कल्याणी तिथे गुडघ्यांवर बसली आणि रेवाला कवटाळून म्हणाली, "मी मारलं गं तुला." बाकी काही नाही, पुन्हा पुन्हा तेच.

शाल-नारळ टेबलावरच राहिलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. अकरा मैदानांचं काम थांबलं. जमीन नव्यानं तपासली जाते आहे, दुसरी माणसं तपासताहेत. मी संस्थेत नाही. चौकशी चालू आहे आणि तिचा निकाल जो लागेल तो लागेल. सुयोग कॉलनीनं रबर उखडून काढलं आणि खाली मुरूम-माती टाकली. साधी माती, जी पडणाऱ्या कोणालाही ओळखत नाही. पहिल्याच आठवड्यात दोघांचे गुडघे फुटले. मग फाटकावरच्या पाटीच्या जागी एक कागद लागला. रोज संध्याकाळी कट्ट्यावर कोणी बसायचं याच्या पाळ्या. सोमवारी भामरे नाना आणि पाचव्या मजल्यावरचे कॅरमवाले, मंगळवारी कल्याणी आणि आमच्या शेजारच्या आजी, असे. तो कागद दर महिन्याला बदलतो, पाळ्यांवरून भांडणंही होतात. मेळ किती झाला ते कोणी मोजत नाही.

त्या कागदावर माझं नाव नाही. कोणी मुद्दाम गाळलं असं नाही, पण कोणी घातलंही नाही. कल्याणी माझ्याशी बोलत नाही. समोर आले तर ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जाते, भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी संध्याकाळी फाटकाबाहेरच्या दगडावर बसते. आऊट झालेल्यानं डाव संपेपर्यंत बाहेर बसायचं असतं, पळून घरी जायचं नसतं.

काल मिहू बाहेर आली. सहा वर्षांची झाली आता. साखळी मोडली होती, पोरं पाणी पीत होती. ती तिच्या त्या कललेल्या चालीनं फाटकातून आली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, तिच्या डाव्या बाजूला मी येईन अशी. तिच्या मुठीत चिंचेचे बुटुक होते. त्यातला एक तिनं मला दिला. कोण आत आणि कोण आऊट, याच्याशी तिला अजून काही देणंघेणं नाही. कट्ट्यावरून कल्याणी उठून उभी राहिली. पण तिनं हाक मारली नाही.

मी दीड वर्ष जे मनात घोळवत होते ते बोलायला लागले. हळू आवाजात, खाली बघत. "मिहू, तुझ्या कानाला लागलं ना, ते ताईमुळे नाही हं. आईमुळेपण नाही. माझ्यामुळे. मी तुला मोजलंच नाही." बोलता बोलता माझं मला हलकं वाटू लागलं. सगळं सांगून झाल्यावर मी वर बघितलं. मिहू पाय हलवत मैदानाकडे बघत होती आणि चिंच चोखत होती. तिला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

तिथेच थांबता आलं असतं. बोलून तर झालं होतं, शब्द न् शब्द खरा होता.

मी उठले, तिच्यापुढून वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.